दाराआडची पाहुणी

या वेळी निवडलेल्या तिन्ही पत्रांचा विषय एकच आहे : घरात आधीपासून मांजरे असताना बाहेरचे, माणसाला बुजणारे मांजर आत आणणे. पहिल्या पत्रात तपशील भरपूर असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे. उरलेल्या दोन पत्रांतले बरेचसे प्रश्न त्यातच सुटतात.

प्रश्न : आमच्याकडे दोन मांजरे आहेत. मनी सहा वर्षांची आणि सोन्या बोका दोन वर्षांचा. दोघांचेही निर्बीजीकरण झालेले आहे. गेले आठ महिने करड्या पट्ट्यांची एक मांजर मागच्या अंगणात खायला येते, पण हाताच्या अंतरावर ती आजवर एकदाही आलेली नाही. अलीकडे ती लंगडू लागली म्हणून पिंजरा लावून तिला पकडले. पशुवैद्यांनी पायावर उपचार केले आणि नसबंदीही केली. आता नऊ दिवस ती आमच्या रिकाम्या खोलीत आहे. दिवसभर कपाटामागे बसून असते, आम्ही आत गेलो की फिस्कारते. रात्री मात्र वाटी रिकामी होते. इकडे सोन्या दाराशी बसून गुरगुरतो आणि परवा त्याने चौकटीवर मुतून ठेवले. मनीची वाटी त्या दाराजवळच असते. ती वाटी सोडून उंच फळीवर जाऊन बसते. आम्ही या मांजरीवर अन्याय तर करत नाही ना? आणि दार कधी उघडावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : रात्री वाटी रिकामी होते. मांजर लागोपाठ दोन-तीन दिवस काहीच खात नाही, तेव्हा शरीरातली चरबी वेगाने यकृताकडे जाऊन तिथे साठू लागते आणि यकृताचे काम बिघडते. अंगाने भरलेल्या मांजरांच्या तर हे जिवावर बेतू शकते. तुमची पाहुणी खाते आहे, म्हणजे ती घाबरलेली असली तरी हाय खाऊन बसलेली नाही. रोज सकाळी वाटीत किती उरले आणि लिटर ट्रेमध्ये, म्हणजे तिच्या शी-शूच्या तबकात, काय पडले, एवढे दोन रकाने एका वहीत लिहीत जा. तिच्या फिस्कारण्यापेक्षा ही वही तुम्हाला जास्त खरे सांगेल.

आता ‘अन्याया’विषयी. बाहेरची सगळी मांजरे एका जातकुळीची नसतात. एखादी कधीकाळी कुणाच्या घरात वाढलेली आणि नंतर हरवलेली किंवा सोडून दिलेली असते. माणूस तिला ठाऊक असतो, फक्त त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो. दुसरीला जन्मापासून माणसाचा हात लागलेलाच नसतो. पिल्लू माणसाला आपल्यांत धरायला सर्वाधिक तयार असते ते साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तो काळ माणसाविना गेला, तर पुढे मांजर माणसाळतच नाही असे नव्हे. पण ते सावकाश माणसाळते, बहुधा एकदोन माणसांपुरतेच माणसाळते, आणि काही मांजरे खरोखरच माणसाळत नाहीत. तुमची मांजर यांपैकी कोणती, हे नवव्या दिवशी ठरवता येणार नाही, कारण पिंजऱ्यात सापडून शस्त्रक्रिया होऊन अनोळखी खोलीत आलेली पाळीव मांजरसुद्धा अशीच कपाटामागे बसते. पुढल्या काही आठवड्यांत ती तुम्हाला उद्देशून ‘म्याव’ म्हणाली, तर ती खूण चांगली समजावी. प्रौढ मांजरे एकमेकींशी बोलताना तो आवाज क्वचितच काढतात. पिल्ले आईला तशी हाक मारतात आणि मोठेपणी मांजरे तो मुख्यत्वे माणसांसाठी वापरतात.

पाच-सहा आठवडे शांतपणे प्रयत्न करूनही तिचे खाणे कमी होत गेले, अंग चाटून चाटून तिने केस काढले, खिडकीवर ती अंग आपटून घेऊ लागली, तर निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेल्या मांजरीला तिच्या ओळखीच्या अंगणात परत सोडून तिथेच नियमाने खायला घालणे हाही प्रामाणिक निर्णय आहे. त्यात तुमची हार नाही. फक्त ती जिथून आली तिथेच तिला सोडायचे. दुसरीकडे कुठे ‘चांगली जागा’ शोधून सोडणे म्हणजे तिला पुन्हा वाऱ्यावर सोडणे होय.

दाराचा प्रश्न स्वभावाच्या आधी आरोग्याचा आहे. तिचे वागणे उद्याच सुधारले, तरी किमान दोन आठवडे तिची भांडी, ट्रे आणि अंथरूण यांतले काहीही तुमच्या मांजरांपर्यंत पोहोचू नये, आणि तिच्या खोलीतून बाहेर पडताना हात साबणाने धुवावेत. मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणाऱ्या एफआयव्ही आणि एफईएलव्ही या दोन विषाणूंसाठी तिची रक्ततपासणी झाली आहे का, ते पशुवैद्यांना विचारा. पहिला मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, दुसरा लाळेतून. म्हणजे एकमेकांना चाटणे आणि एकाच वाटीत खाणे हेही त्याला पुरते. संसर्ग ताजा असेल तर एफईएलव्ही चाचणीत सापडत नाही, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. पिसवा, जंत, कानातले किडे आणि गजकर्ण यांकडेही पाहून घ्यावे. गजकर्ण तर तुम्हालाही होऊ शकते. मनी आणि सोन्या यांच्या लसी वेळेवर झालेल्या आहेत ना, हे तपासणे तितकेच निकडीचे आहे, कारण मांजरांच्या पार्वो या जीवघेण्या रोगाचा विषाणू खोलीत अनेक महिने टिकून राहतो. पिसवांसाठी कुत्र्यांचे औषध मात्र कधीही वापरू नका. त्यांतल्या अनेकांत असणारे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांचा जीव घेऊ शकते.

खोलीत एकच बदल आधी करा. कपाटामागची जागा बंद करा, पण ती बाहेर असताना आणि दुसरी लपण्याची जागा देऊनच. दोन बाजूंना भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके भिंतीलगत ठेवावे आणि त्यावर जुनी चादर अशी टाकावी की आतून बाहेरचे दिसेल, पण बाहेरून आतले नीट दिसणार नाही. लपू दिले तर मांजर कधीच धीट होणार नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. लपायला खोके मिळालेल्या मांजरांवरचा ताण खोके न मिळालेल्यांपेक्षा लवकर उतरला, असे त्यात आढळले. लपता येते हे कळल्यावरच मांजर बाहेर येण्याचा विचार करते. ट्रे वापरत नसेल, तर त्यात आधी अंगणातली माती भरा आणि मग हळूहळू तिच्यात लिटर मिसळत जा.

यापुढे काही दिवस तुम्हाला शिकायचे आहे ते मुख्यतः काही न करणे. मांजर माणसाळवू पाहणाऱ्यांची एक चूक मी वारंवार पाहतो आणि पूर्वी मीही ती केली आहे : आपण तिच्याकडे फार पाहतो. एकटक रोखलेली नजर ही मांजराच्या भाषेत धमकी असते. खोलीत जाताना दारावर हलकी टकटक करा, जमिनीवर कुशीकडून बसा, वर्तमानपत्र घ्या आणि त्यातले काहीही हळू आवाजात वाचा. अग्रलेखही चालेल, तिला मजकुराशी कर्तव्य नाही. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटे पुरेत. नजरानजर झालीच तर डोळे संथपणे अर्धे मिटा, क्षणभर तसेच ठेवा आणि मान वळवा. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये हीच गोष्ट तपासली. माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले की मांजरेही तसेच करतात आणि अशा अनोळखी माणसाच्या हाताजवळ येण्याची त्यांची तयारी वाढते, असे त्यांना दिसले.

वाटी ठेवायची ती आधी खोक्याच्या तोंडाशी, आणि तुम्ही बसायचे खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ती तुमच्यादेखत खाऊ लागली, की वाटी रोज वीतभर तुमच्याकडे सरकवा. ज्या दिवशी ती खाणे सोडून मागे सरेल, त्या दिवशी दोन वीत मागे न्या. माझ्याकडच्या एका काळ्या मांजरीचे हे अंतर मी चुन्याच्या खुणा करून मोजले होते. तेविसाव्या दिवशी ती माझ्या पावलापासून हातभर अंतरावर बसून जेवली. पुढचे पाय वाटीकडे, मागचे पाय पळण्याच्या तयारीत, एक कान माझ्याकडे वळलेला, आणि दर दोन घासांनंतर मान वर. मग एकदा ती मान वर न करता तीन घास खाल्ली. तो कान मात्र माझ्याकडेच होता. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काही घडले असे वाटले नसते, पण आठवडाभराची कमाई त्या एका जास्तीच्या घासात होती. त्या क्षणी हात पुढे करण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि तिथेच आठवडा वाया जातो. तुम्हाला सध्या तिचे प्रेम मिळवायचे नाही. तुम्ही खोलीत आहात याची तिला पर्वा वाटू नये, एवढेच मिळवायचे आहे.

मानगुटीला धरून ‘एकदाची सवय लावावी’ असा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नका. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत हे खरे, पण आपण तिची आई नाही आणि ती पिल्लू नाही. दुधाचे आमिषही नको. बहुतेक प्रौढ मांजरांना त्यातली साखर नीट पचत नाही आणि नव्या खोलीत जुलाब लागलेल्या मांजरीची भीती कमी होत नसते.

आता सोन्या आणि मनी. घर आधी त्यांचे आहे, ही गोष्ट पाहुणीच्या कौतुकात विसरली जाते. सोन्याने चौकटीवर मुतून सूड उगवलेला नाही. दारापलीकडून येणाऱ्या परक्या वासावर त्याने आपल्या वासाचा शिक्का मारला आहे. त्याला रागावू नका. ती जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने धुवा; फिनाइल मांजरांना विषारी आहे आणि अमोनियाचा वास मांजराला लघवीसारखाच वाटून ते पुन्हा तिथेच जाते. मनीची वाटी त्या दारापासून लांब, तिला पाठीमागून कुणी येणार नाही अशा जागी हलवा. तिन्ही मांजरांसाठी मिळून चार ट्रे असावेत आणि ते एका रांगेत नसावेत, कारण शेजारी शेजारी ठेवलेले चार ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात. सोन्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : ताणाखाली बोक्यांचा मूत्रमार्ग तुंबू शकतो. तो ट्रेमध्ये वारंवार बसून कण्हत असेल आणि थेंबभरही लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या.

ओळख व्हायची ती आधी नाकाने. एक मऊ कापड पाहुणीच्या अंथरुणात दोन दिवस राहू द्या आणि मग ते सोन्या-मनीच्या खोलीत जमिनीवर ठेवा. त्यांच्या अंथरुणातले कापड तिच्याकडे. कापड कुणाच्या तोंडापाशी नेऊ नका, नुसते पडू द्या. पहिल्या दिवशी त्यावर फिस्कारणे होईल. काही दिवसांनी सोन्या ते हुंगून पुढे निघून जाईल, कदाचित त्यावर बसेलही. त्यानंतर दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवायच्या, आधी दारापासून पाच-सहा हातांवर आणि मग हळूहळू जवळ. तिघेही बंद दाराशी निवांत खाऊ लागले, की जागांची अदलाबदल करा : मनी आणि सोन्या दुसरीकडे असताना पाहुणीला घरभर हिंडू द्या आणि त्या वेळी त्या दोघांना तिच्या खोलीत जाऊ द्या. तिला उचलून नेऊ नका. दार उघडे ठेवून तुम्ही बाजूला व्हा. ती रात्री निघाली तर रात्री.

दार ‘कधी’ उघडावे याचे उत्तर दिवसांत देता येत नाही. अदलाबदल कंटाळवाणी होऊ लागली की दाराच्या जागी जाळी किंवा लहान मुलांसाठी लावतात तसे आडवे फाटक लावावे आणि सुरुवातीला त्यावर अर्धी चादर टाकावी. नजरेस नजर पडल्यावर काय होते ते पाहा. फिस्कारणे वाईट नव्हे. ‘याहून जवळ नको’ इतकाच त्याचा अर्थ आहे आणि तो समोरच्याला कळतो. काळजी करायची ती शांत बसून रोखून पाहणाऱ्या, मान खाली घातलेल्या, शेपटीचे टोक हलवणाऱ्या मांजराची. तुमच्या पत्रावरून तो सोन्या असेल असे मला वाटते. पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये सरकवून त्याची नजर तोडा आणि त्याला खेळात गुंतवा. ज्या दिवशी दोघे जाळीच्या दोन बाजूंना असताना एकजण पाठ करून अंग चाटू लागेल, त्या दिवशी तुम्ही समोर असताना दहा मिनिटांसाठी जाळी काढा. तुमच्याबाबत जे उद्दिष्ट होते, तेच इथे आहे. मैत्री होईल न होईल, मांजरांनी एकमेकांकडे दुर्लक्ष करत एका घरात राहणे हेही उत्तम नाते आहे. याला काही आठवडे लागतील. काही महिने लागले तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रश्न : आम्ही दोनच दिवसांत नव्या मांजराला बाहेर सोडले आणि आमच्या मांजरीशी त्याची तुंबळ मारामारी झाली. सोडवताना माझ्या हाताला चावा बसला. आता घरातली मांजरी माझ्यावरही धावून येते. सगळे बिघडले का?

उत्तर : आधी हाताचे बोलू. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायला हवी होती. अजून डॉक्टरांकडे गेला नसाल तर हे वाचून लगेच जा. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वरून बारीक छिद्र दिसते, पण जंतू खोल आत गेलेले असतात आणि हात काही तासांत सुजू शकतो. बाहेरच्या मांजराच्या लसीचा भरवसा नसतो, त्यामुळे रेबीजच्या लसीचा निर्णयही डॉक्टरांवर सोपवा, स्वतः घेऊ नका. पुन्हा असा प्रसंग आलाच, तर भांडणाऱ्या मांजरांमध्ये हात घालू नये. मध्ये जाड रजई टाकावी किंवा मोठा पुठ्ठा सरकवावा.

तुमची मांजरी तुमच्यावर चिडलेली नाही. जिच्यावर राग काढायचा ती समोर नाही आणि अंगातली खळबळ शमलेली नाही, म्हणून जो समोर येतो तो धनी होतो. तिला अंधाऱ्या, शांत खोलीत खाणे-पाणी आणि ट्रे देऊन एकटी सोडा. कधी हे काही तासांत उतरते, कधी दोन-तीन दिवस लागतात. त्या काळात तिची समजूत काढायला जाऊ नका. दोन्ही मांजरांच्या अंगावर चाव्याची जखम आहे का, हे पशुवैद्यांकडून पाहून घ्या, कारण केसांखाली गळू होते आणि ते कळेपर्यंत आठवडा जातो.

बिघडले आहे, पण सगळे नाही. दोघांनाही पूर्ण वेगळे करा आणि वरच्या उत्तरातल्या कापडापासून नव्याने सुरुवात करा. आता त्यांच्या स्मरणात एक भांडण जमा आहे, त्यामुळे पहिल्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागेल. माझ्या हातूनही हे एकदा झाले आहे : पाहुणे येणार म्हणून खोली रिकामी हवी होती आणि मी दार आठवडाभर आधी उघडले. तो आठवडा वाचवण्यासाठी पुढे अडीच महिने मोजावे लागले.

प्रश्न : आमची एके काळची रानटी मांजर आता सहा महिने घरात आहे. इतर दोघांबरोबर नीट राहते, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी झोपते, पण हात लावू देत नाही. लसीची वेळ जवळ आली आहे. तिला पकडायचे कसे?

उत्तर : पकडायचे नाही, तिने आपण होऊन आत जावे अशी सोय करायची. तिला न्यायची पेटी आजपासूनच दार काढून खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, आत तिच्या झोपण्याचे कापड घाला आणि रोजचे जेवण आधी पेटीसमोर, मग उंबऱ्यावर, मग अगदी आत ठेवा. ती आत खाऊ लागली की दार परत बसवा, पण बंद करू नका. नंतर ती खात असताना क्षणभर लावून लगेच उघडा. तीन-चार आठवडे हाती असतील तर बहुतेक मांजरी एवढ्यावर येतात. वरून उघडणारी पेटी घेतलीत तर पशुवैद्यांना तिला ओढून बाहेर काढावे लागणार नाही. झाकण काढून, वर टॉवेल टाकून, आतच लस देता येते. पेटीवर चादर टाकून न्या आणि गर्दी नसलेली वेळ मागून घ्या.

तरीही ती फार घाबरत असेल, तर नेण्यापूर्वी देता येणारे शामक औषध पशुवैद्य खाण्यातून देण्यासाठी लिहून देतात. ते आधीच मागून घ्यावे. माणसांच्या कपाटातली कोणतीही गोळी मात्र तिला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते.

हात लावण्याची मला तरी घाई दिसत नाही. जी मांजर स्वतः निवडून तुमच्या पायाशी झोपते, तिने आपले म्हणणे सांगितलेले आहे. प्रयत्न करायचाच असेल, तर ती जवळून जाताना तर्जनी तिच्या नाकाच्या उंचीवर, तिच्यापासून थोडी दूर, स्थिर धरा. तिने हुंगून गाल घासला तर त्याच गालावर दोनदा बोट फिरवा आणि तिला आणखी हवे आहे असे दिसत असतानाच बोट मागे घ्या.